खोलीत किती जण

वहिनी त्या दुपारी घरी गेल्या त्या फक्त एक डबा आणायला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कपाटाच्या वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या पांघरुणांमागे. त्यात त्यांच्या नवऱ्याने बारा वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेल्या आवाजांची डिस्क होती. सासूबाई पलंगावर आडव्या होत्या. "इतक्या लवकर?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "आवाज न्यायला आलेय," असं म्हणून वहिनी डबा बगलेत मारून निघाल्यासुद्धा.

कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण कारखाना दिराचा होता आणि दीर तसं म्हणे म्हणून सुतारानेही तेच उचललं. कारखाना म्हणजे तरी काय, रस्त्यालगतचा एक गाळा, पुढे लोखंडी शटर आणि मागे बिनखिडकीची लांबट खोली. तिथे खेळांच्या हॉलमध्ये ठेवतात तसली माणसाएवढी उभी यंत्रं तयार होत. दीर गिऱ्हाइकं सांभाळी, सुतार लाकडी खोकी बांधी, आणि यंत्राच्या पोटात काय घडायचं ते वहिनी कॉम्प्युटरवर लिहीत.

या खेपेचं काम घरचंच होतं. 'झटकफटक' नावाचा, हातात मावणारा तालाचा खेळ. लग्नाला दोन वर्षं झाली असताना वहिनींनी आणि त्यांच्या नवऱ्याने तो घराच्या मागच्या खोलीत बसून केला होता. तळहाताएवढ्या पडद्यावर गालिचे झटकणारे चौघे रांगेत उभे. पहिला झटकतो, दुसरा झटकतो, तिसरा झटकतो, आणि चौथा म्हणजे खेळणारा. नेमक्या ठोक्याला बटण दाबायचं. चुकलं की चौघांच्या नाकातोंडात धूळ. खेळ एवढाच, पण त्याने लोकांना येड लावलं होतं. त्यातले आवाज सगळे नवऱ्याचे. उशीवर हाणलेली काठी, पालथ्या पातेल्यावरची थाप, टाळ्या, टाळूवर मारलेला जिभेचा टोला.

नवरा जाऊन आता तीन वर्षं झाली होती. झोपेतच गेला. वहिनी शेजारीच होत्या, आणि त्यांना पहाटेपर्यंत कळलंसुद्धा नव्हतं.

आता एका हॉलवाल्याला तोच खेळ मोठ्या यंत्रावर हवा होता. सांगायला सोपं, पण अंगठ्याचा खेळ अख्ख्या हाताचा करायचा म्हणजे मुळापासून मांडामांड. बटणाच्या जागी परातीएवढ्या दोन रबरी चकत्या आल्या. अंगठ्याला ठोका गाठायला जेवढा वेळ पुरतो तेवढा हाताला पुरत नाही, म्हणून वहिनींना प्रत्येक ठोक्याची वेळ नव्याने बसवावी लागली. पायाखालच्या फळीत सुताराने एक जाडजूड स्पीकर बसवला होता, ताल तळपायांतून वर चढावा म्हणून. घोडं अडलं ते आवाजावर. छोट्या खेळासाठी दाबून-चेपून बसवलेले ते आवाज मोठ्या स्पीकरमधून रिकामं पिंप बडवल्यासारखे येत होते. म्हणून मूळ डिस्क.

वहिनींनी मूळ आवाज चढवले तेव्हा खोलीत त्या एकट्याच होत्या. पडदा नीट दिसावा म्हणून दिवा मालवलेला. ताज्या कापलेल्या लाकडाचा आणि सरसाचा वास. त्यांनी खेळ सुरू केला. काठी बसली, थाप पडली, टाळी वाजली, आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी तळातून, कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "एक... दोन..."

वहिनींचा हात चकतीवर तसाच राहिला. मग त्यांच्या मनात आलं, ताल धरताना माणूस मोजतोच की. छोट्या खेळाच्या चिमुकल्या स्पीकरला तो खालचा आवाज झेपला नसेल, इतकी वर्षं झाकून राहिला असेल. त्यांनी शटरजवळ फोनवर बोलत असलेल्या दिराला हाक मारली.

"भाऊजी, जरा या. ह्यांचा आवाज आहे यात."

दीर आला, फळीवर त्यांच्या शेजारी उभा राहिला. काठी, थाप, टाळी. "एक... दोन... तीन..."

"मघाशी दोनच होते," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही नीट ऐकलं नसेल."

तेवढ्यात सुतार रंधा घेऊन आत आला. साठीचा, कोरड्या तोंडाने विनोद करणारा माणूस. त्याच्यासाठी त्यांनी पुन्हा लावलं. "एक... दोन... तीन... चार..."

सुताराने कान खाजवला. "हा तर हजेरी घेतोय," तो म्हणाला आणि गंमत म्हणून खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. आवाज तीनवर थांबला. तो आत आला, चार. दीर बाहेर गेला, तीन. दोघंही बाहेर गेले, आणि आतून वहिनींनी ओरडून सांगितलं, "दोन." मग मात्र सुताराचं तोंड उतरलं. रंधा तिथेच ठेवून तो चहा प्यायला निघून गेला.

वहिनींनी ती फाइल कॉम्प्युटरवर हेडफोन लावून ऐकली. काठी, थाप, टाळी. मोजणं नाही. आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून इंच न् इंच पाहिली. जिथे आकडे यायचे तिथे रेघ सपाट होती. डोकं चालेना. जे डिस्कवर नाही ते यंत्रातून कसं येतं? आणि जे बारा वर्षांपूर्वी रेकॉर्ड झालं, त्याला आज खोलीत किती माणसं आहेत हे कसं कळतं?

"दर वेळी एक जास्त मोजतोय," त्या म्हणाल्या.

"दादा रेकॉर्डिंग करायचा ना," दीर हळूच म्हणाला, "तेव्हा आधी विचारायचा, खोलीत किती जण? लोकांचे श्वास येतात म्हणून. बोट दाखवून मोजायचा. सगळ्यांना मोजून झालं की शेवटी स्वतःला."

त्यापुढे वहिनी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. शटर अर्धं उघडून, वाकून आत शिरत, मागच्या खोलीत जात, यंत्र लावत. "एक... दोन..." एक म्हणजे मी, दोन म्हणजे हे. मग त्या बोलत. चकत्यांचं रबर कसं मिळालं, आईंचा गुडघा कसा आहे, काय काय. एकदा त्या म्हणाल्या, "मला कळलंच नाही हो. मी शेजारीच होते." पुढच्या फेरीला पुन्हा तेच दोन आकडे. तेवढ्यावरही त्यांचा दिवस निघे.

पण मनात एक काटा होता. तो आवाज नक्की ह्यांचा, असं त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. कधी वाटे, हाच. कधी वाटे, हा कुणी भलताच. तीन वर्षांत नवऱ्याचा आवाज आठवणीतून झिजून गेला होता, आणि हे त्यांना कुणाजवळ बोलताही येत नव्हतं. शेवटी त्यांनी दिराला सांगितलं, "आईंना आणू या. आई चुकायच्या नाहीत."

सासूबाई आल्या त्या कुरकुरतच. काठी टेकत खोलीत शिरल्या, यंत्राकडे बघून म्हणाल्या, "याला कपाट म्हणायचं की देव्हारा?" आणि सुताराच्या स्टुलावर बसल्या. सुतार त्या दिवशी लाकूड आणायला वखारीत गेला होता. दिराने शटर खाली ओढलं, खोलीचं दार लावलं, दिवा मालवला. आत तिघंच. वहिनींनी खेळ सुरू केला.

काठी. थाप. टाळी.

"एक... दोन... तीन... चार..."

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात म्हातारीचा चेहरा दगडासारखा स्थिर होता. तिने फक्त एक बोट वर केलं. थांबा.

पायाखालची फळी थरथरली. आणि मग, नेहमी जिथे शांतता असायची तिथे, तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखा आवाज आला.

"...पाच."

दिराने चटकन मागे वळून पाहिलं. मागे नुसत्या फळ्या टेकवलेल्या होत्या. त्याने दिवा लावला, फळ्यांमागे वाकून पाहिलं, यंत्राचं मागचं दार उघडून पाहिलं, सुताराला फोन लावला. तो खरोखरच वखारीत होता. फोनवर मागे करवतीचा आवाज येत होता.

"आई," वहिनींनी विचारलं, "आवाज... ह्यांचाच आहे ना?"

"त्याचाच." सासूबाईंनी उत्तर द्यायला जराही वेळ लावला नाही. "चारपर्यंत ठीक आहे. आपण तिघं आणि तो. पाच म्हणताना भ्यालाय माझा पोर. लहानपणी अंधारात कुणी दिसलं की अस्साच बोलायचा... त्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून."

वहिनींनी यंत्र बंद केलं. त्यांना एकाएकी आठवेना, की गेल्या पंधरा दिवसांत, एकट्या असताना, दोन नंतरही काही येत होतं का. त्या तर दोन ऐकलं की लगेच बोलायला लागत.

घरी जाताना गाडीत दीर म्हणाला, "उद्या ते आवाज काढून टाका, वहिनी. यंत्र चार दिवसांत जायचंय. असलं काही हॉलमध्ये नको."

"आणि मग हे तिथे... त्याच्याबरोबर एकटेच?"

"कुणाबरोबर?"

"मला माहीत असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का, भाऊजी?"

सासूबाई मागच्या सीटवर होत्या. त्या पुढे वाकल्या. "आपण ऐकतो म्हणून तो मोजतो गं. आणि मोजतो म्हणून त्याला ते दिसतं. आपण ऐकायचं थांबलो, तर तोही मोजायचा थांबेल. निजू दे त्याला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मलाही ऐकायला आवडलंच असतं. पण नको."

हे बरोबर की चूक, वहिनींना ठरवता आलं नाही. एकीकडे वाटे, म्हातारी म्हणते ते खरं. दुसरीकडे वाटे, आपण त्यांना दुसऱ्यांदा एकटं सोडतोय, या वेळी जागेपणी. पण म्हातारीचा शब्द मोडायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या मागच्या खोलीत, जिथे पहिले आवाज घेतले होते तिथेच, एकटीने बसून सगळे आवाज नव्याने रेकॉर्ड केले. उशीवर काठी, पालथं पातेलं, टाळ्या. जिभेचा टोला जमेना, तो बारा वेळा केला. तोंडातून एक शब्द काढला नाही. मोजलं तर मुळीच नाही. ताल मनातसुद्धा न मोजता नुसता अंगाने धरला.

नवे आवाज यंत्रावर चढवून तिघांनी ऐकले. काठी, थाप, टाळी, शांतता. पुन्हा तेच. सुतार वीस मिनिटं खेळला आणि घामाघूम होऊन म्हणाला, "आता कसं माणसांचं यंत्र वाटतंय." दिराने जुनी डिस्क स्वतःच्या खणात कुलपात टाकली. वहिनींनी मान हलवली आणि हात धुवायला म्हणून न्हाणीत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

यंत्र गेलं. अकराव्या दिवशी सकाळी हॉलवाल्याचा फोन आला. दीर बाहेर होता, म्हणून वहिनींनी घेतला. हॉलवाला बोलघेवडा गडी. खेळ झकास चाललाय, रांगा लागतात, परवा एक आजोबा नातवाला हटवून स्वतःच खेळत बसले, असं बरंच सांगून झालं.

"फक्त एक विचारायचं होतं. ते मोजणं बंद करता येतं का हो?"

"कसलं मोजणं?" वहिनी म्हणाल्या.

"ती बाई मोजते ना मधूनमधून. गर्दीत कळत नाही, सकाळी हॉल रिकामा असला की ऐकू येतं. तुमचाच आवाज आहे की काय? आत्ता फोनवर अगदी तस्साच वाटतोय."

वहिनींनी टेबलाची कड धरली. "मी... काही बोलले नव्हते त्यात."

"असेल बुवा. मी आपला झाडलोट करताना लावून बघतो. आज सकाळी आत एकटाच होतो, तर म्हणते, एक, दोन, तीन."

एक, हॉलवाला. दोन, ती स्वतःला धरून मोजत असेल तर, वहिनी स्वतः. मग तिसरे कोण, हे की तो पाचवा? वहिनींना पुढे विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवेना.

"तीन... तीन कसं म्हणते ती? हळू? घाबरल्यासारखं?"

पलीकडे तो विचार करत असावा. रिकाम्या हॉलमध्ये कुठेतरी काठी, थाप, टाळी ऐकू येत होती.

"छे हो," तो म्हणाला. "एक, दोन साधंच म्हणते. तीन म्हणताना हसते ती. आणि मग पुढचा आकडा म्हणायला श्वास घेते... पण म्हणत नाही."