शमुवेलची उंची

मघाशी तुम्ही विचारलंत ना, सगळ्या घराला रंग दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तेवढी का सोडली? सांगते. चहा घ्या आधी. आमचे हे म्हणतात, शकु, लोकांना सांगत बसू नकोस, वेड्यात काढतील. काढू देत.

अकरा वर्षं मी मुलुंडच्या टेकडीखालच्या मेथडिस्ट मिशनच्या बोर्डिंगात मेट्रन होते. पुढे दगडी चॅपल, त्याच्यामागे मुलांचं वसतिगृह आणि अगदी टोकाला आजारी मुलांची खोली. मिशनऱ्यांच्या काळापासूनची तिथली एक पद्धत होती. जूनच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला त्या खोलीच्या चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारायची, पुढे नाव आणि साल लिहायचं. साठ पोरं, आणि कान किटतील इतका गोंगाट. शेवटच्या मुलापर्यंत माझा हात भरून यायचा. कोण उभा आहे ते मी बघतही नसे. नाव विचारलं, लिहिलं, चल पुढे.

दोन वर्षांपूर्वी वसतिगृह बंद झालं. सोमवारपासून पाडापाडी सुरू होणार होती, म्हणून शनिवारी दुपारी मी औषधांचं कपाट रिकामं करायला गेले. मे महिना होता. वीज आधीच तोडलेली, खिडक्या बंद, आत फिनेल आणि आयोडिनचा जुना वास. निघताना वाटलं, चौकट एकदा डोळे भरून बघून घ्यावी. मोबाइलचा उजेड पाडला.

पोरं कशी भराभर वाढलेली दिसत होती. बोर्डिंगातला सौरभ तर तीन वर्षांत वीतभर. कडीच्या जरा खाली मात्र एकाच जागी इतक्या रेघा होत्या, की लाकडात खाच पडली होती. बाजूला दाटीवाटीने एकच नाव लिहिलेलं. शमुवेल. दर वेळी साल वेगळं, अक्षर वेगळं. सगळ्यात जुनं साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आणि शेवटची अकरा नावं माझ्या अक्षरात होती.

मी दशरथला हाक मारली. हा तिथला वॉचमन, मालवणकडचा. त्याच्या वडिलांनीही तिथेच राखण केली होती. तो उंबऱ्याच्या आत काही आला नाही.

"शकुबाय, वर बघा," तो हळूच म्हणाला. "दोन बोटां वर. ती चाकूची खूण तेच्या बापाशीन मारलेली."

"कशाला?"

"आवस मेलेली. बापूस बोटीवर कामाक. पोराक हंयसर ठेवल्यान नि सांगल्यान, हंयपर्यंत वाढलस काय घराक नेतलंय... त्याच पावसात पोरगो तापान गेलो. ह्याच खोलीत."

"आणि बाप?"

"तो परत इलोच नाय."

दशरथ गेटवर गेला. मीही पर्स उचलली. एवढ्यात मागे बूट करकरले... रांगेत पुढे सरकताना करकरतात तसे. मग खोबरेल तेलाचा वास आला. चौकटीशी कुणीतरी टाचा जुळवून उभं होतं. मान ताठ, हात मांड्यांना चिकटवलेले. तोंड अंधारात.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त वाईट वाटलं. पासष्टएक वर्षं हे लेकरू दर जूनला आशेने येऊन उभं राहत होतं, आणि आम्ही त्याच्याकडे न बघताच रेघ मारत होतो. सोमवारी तर ही चौकटच राहणार नव्हती.

चॅपलमधलं गीतांचं जाडजूड पुस्तक कपाटावर पडलं होतं. ते मी चौकटीशी जमिनीवर ठेवलं.

"चढ रे यावर..." मी म्हटलं. "टाचा टेकव..."

पुस्तकाचा पुठ्ठा दबला. मी पट्टी धरली. बोटांना गार, ओलसर केस लागले. पट्टी बरोबर चाकूच्या खुणेवर आली. मी रेघ मारली, आणि कुठल्याही बाईच्या तोंडून जे निघालं असतं तेच माझ्या तोंडून निघालं.

"पोचलास बघ. चल आता घरी."

दबलेला पुठ्ठा सावकाश वर आला. घाटकोपरला घरी येईपर्यंत माझे डोळे भरून येत होते. वाटलं, सुटला बिचारा.

कुणाच्या घरी, ते मात्र मी म्हटलं नव्हतं.

त्या जूनच्या पहिल्याच दिवशी आमच्या या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ दिसली. उंची तीच, चाकूच्या खुणेएवढी. आमच्याकडे लहान मूल नाही. यांना वाटलं, मीच मारली. पुढच्या जूनला दुसरी रेघ आली, दोन बोटं वर. मला बरं वाटलं हो, पोर वाढतंय म्हणून. रंगाऱ्याला मीच सांगितलं, एवढी चौकट सोड.

काल एक तारीख होती. ही बघा तिसरी. एका वर्षात हातभर वर गेलीय, माझ्या डोक्याच्याही वर. इथे पट्टी धरायची म्हटलं तर मला आता पाटावर उभं राहावं लागेल. आणि कुठवर वाढायचं ते सांगणारी खूण या घरात कुणीच मारलेली नाही.