वीतभर पत्र्याची चोरी

सकाळी पावणेनऊला फोन वाजला तेव्हा वांडाच्या तोंडात अर्धा डोनट होता.

"नंबर गेला," पलीकडून डेल म्हणाला.

"कुणाचा?"

"गाडीचा. कुणीतरी काढून नेला. वांडा, तीन वाजता सार्जंट येतोय."

वांडानं डोनट गिळला, कॉफी तशीच टाकली आणि गाडीची किल्ली उचलली.

वांडा प्रुसिन्स्की अठ्ठावन्न वर्षांची. बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी तिनं जळलेल्या गाड्या तपासल्या, बुडालेल्या तपासल्या, आणि मालकांनी स्वतःच जाळून बुडवलेल्याही तपासल्या. खोटं बोलणाऱ्या माणसावर ती कधी चिडायची नाही. त्याला खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची, मनसोक्त बोलू द्यायची. मग हळूच खुर्ची ओढून घ्यायची.

टोलेडोच्या कडेला डेल हॉस्किन्सचं गॅरेज. आत दोन गाड्या शेजारी शेजारी. खरं म्हणजे एकच गाडी, दोनदा. डावीकडे १९६९च्या मस्टँगचा जुना सांगाडा. ओहायोच्या रस्त्यांवरच्या मिठानं तो इतका खाल्लेला, की दारात बोट घातलं तर पलीकडे निघायचं. उजवीकडे त्याच घाटाची, आता नव्यानं बनवलेली कोरी बॉडी. दोन वर्षं खपून डेलनं जुन्यातली काच, सीट, चाकं नव्या बॉडीत बसवली होती. इंजिन गेल्या शनिवारीच बसलं होतं.

पण गाडीचं नाव म्हणजे तिचा नंबर, आणि तो ठोकलेला असतो बॉनेटखालच्या पत्र्यावर, डाव्या बाजूला. जुना सांगाडा त्याच्या नंबरासकट दाखवायचा, नव्या बॉडीच्या पावत्या दाखवायच्या, म्हणजे जुनं नाव नव्या अंगावर चालू द्यायची परवानगी सार्जंट होल्ट देणार होता.

आता जुन्या सांगाड्यात नंबराच्या जागी वीतभर भोक होतं.

"असला नंबर चोरीच्या गाडीवर चढवला की ती गाडी धुतल्यासारखी स्वच्छ होते," डेल म्हणाला. "सार्जंट पहिल्यांदा कुणाकडे बघेल?"

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तर साली, तेवीस वर्षांचा असताना, चोरीच्या गाड्या सुट्या करणाऱ्या टोळीत डेल सापडला होता. सतरा महिने आत. गावात हे फक्त वांडाला माहीत, कारण विम्याच्या कामात त्याची फाइल तिनंच उघडली होती. मग तिनं ती बंद केली, आणि दोघांची मैत्री झाली.

"कुलूप?"

"फोडलेलं नाही. किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला असते."

"आणि हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"खिळा ज्याला दिसतो त्याला."

डेल दर गुरुवारी सात ते साडेआठ कोपऱ्यावरच्या हॉटेलात अंडी खायला जातो, हेही सगळ्या गावाला माहीत. आज गुरुवार, म्हणजे चोराला दीड तास मोकळा होता.

वांडा भोकाशी वाकली. ग्राइंडर लावलेला नव्हता. कडेला जळल्याची खूण नव्हती. पत्रा जिथं जिथं वेल्डिंगच्या टाक्यांनी धरला होता, तिथं तिथं बारीक ड्रिल मारून फक्त टाके सोडवले होते. एकेक भोक नाण्यासारखं गोल. खाली लोखंडाचा चुराही नाही. चोरानं जाताना झाडून काढलं होतं.

"चोर फार नीटनेटका आहे. माझ्या घरी का येत नाहीत असले?"

डेल हसला नाही. डाव्या हातानं उजवं मनगट चोळत उभा राहिला. कारखान्यातल्या प्रेसनं ते चिरडलं होतं. आत स्टीलची पट्टी होती आणि हात पुरता वळत नव्हता.

वांडा नव्या गाडीकडे गेली. बॉनेट उघडंच होतं. रेडिएटरच्या रबरी पाइपांवर आवळलेल्या क्लँपांकडे तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं. चारी क्लँपांचे स्क्रू ओळीनं खाली तोंड करून होते.

"शनिवारनंतर इंजिनाला हात लावलास?"

"नाही."

रविवारी तिनं याच गाडीपुढे डेलचा फोटो काढला होता. तो तिनं फोनमध्ये उघडला, बोटांनी मोठा केला, आणि फोन खिशात टाकला.

"तीन माणसं सांग," ती म्हणाली. "ज्यांना ही गाडी नको, किंवा फार हवी."

डेलनं तीन नावं दिली.

पहिला टिटो व्हियारेयाल. गाडीला रंग त्यानंच दिला होता, आणि डेलनं तो तीनदा खरवडायला लावला होता. टिटो रंगाच्या खोलीतून मास्क काढत बाहेर आला आणि म्हणाला, डेल उस्तादाचा जीव घ्यायची इच्छा त्याला रोज होते, पण पत्रा तो कशाला नेईल? तो सकाळी सातपासून एका व्हॅनवर काम करत होता. व्हॅनचा निळा रंग अजून ओला होता, टिटोच्या भुवयाही निळ्या होत्या.

दुसरा शेन, डेलचा मेहुणा. त्याचं भंगाराचं आवार. जुना सांगाडा नंबरासकट दे म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. वांडाला पाहताच त्याला घाम फुटला. सकाळी कुठं होतास? झोपलो होतो. कुणी पाहिलं? झोपलेल्याला कोण बघतं? आवारात पत्रे कापायला त्याच्याकडे गॅसची बत्ती होती. त्या बत्तीनं कापलेल्या कडा वांडानं पाहिल्या. उंदरानं कुरतडल्यासारख्या.

तिसरा लायल बेकविथ. गाड्यांच्या क्लबाचा परीक्षक, पांढरे हातमोजे घालून दुसऱ्यांच्या गाड्यांत चुका शोधणारा. त्याच्या अंगणात त्याची एकोणसत्तरची मस्टँग उभी होती. एकूण एक बोल्ट कारखान्यात लागला होता तसा.

"डेलच्या गॅरेजात शेवटचं कधी गेला होतात?" वांडानं विचारलं.

"मार्चमध्ये. त्यांनी मला हाकललं. त्यानंतर तिथं पाऊल टाकलेलं नाही."

"का हाकललं?"

"खरं बोललो म्हणून. ती गाडी मेली, बाई. मेलेल्याचं नाव बाजारातून आणलेल्या पत्र्याला देतात का कुणी?"

"आज सकाळी?"

"घरी. गाडी पुसत होतो."

वांडा गोड हसली. सार्जंटला जाणकार माणसाचं मत लागेल, अडीच वाजता या, अशी तिनं विनंती केली. लायलची मान आपोआप ताठ झाली.

गॅरेजात परतल्यावर तिनं डेलकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि त्याला पाच मिनिटं बाहेर पिटाळलं.

टिटोला आणि शेनलाही तिनं बोलावून घेतलं होतं; अडीच वाजता तिघंही आले. शेन दाराशी नखं खात उभा. टिटोनं आपल्याच रंगात स्वतःचं तोंड पाहून घेतलं. डेल स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होता. वांडानं बॉनेट उघडलं आणि तिघांनाही जवळ बोलावलं.

"एकदा नीट बघा. सार्जंट येण्याआधी काही चुकलंय का?"

टिटो म्हणाला, रंग सोडून त्याला काही कळत नाही. शेन म्हणाला, मस्त आहे. लायल वाकला. त्याच्या कपाळावर आठी चढली आणि हात पुढे गेला.

"हे स्क्रू परत वर कुणी केले?"



"परत?" वांडानं विचारलं.

लायलचा हात हवेतच राहिला.

"सांगते," वांडा म्हणाली. "डेलचं मनगट वळत नाही. खालून स्क्रू आवळणं त्याला जमत नाही, म्हणून शनिवारी त्यानं ते वर तोंड करून बसवले. रविवारच्या फोटोत वरच आहेत. आज सकाळी मी आले तेव्हा चारी खाली होते, कारखान्यात असायचे तसे. डेलनं हात लावला नव्हता. म्हणजे कुणीतरी नंबर चोरायला आला, काम उरकलं, निघताना ही चूक त्याला दिसली, आणि ती तशीच टाकून जाणं त्याच्यानं होईना. असला चोर मी बावीस वर्षांत पाहिला नाही. शेननं बत्तीनं फाडलं असतं. टिटोला क्लँप कुठं असतो तेही माहीत नाही."

"खरंय," टिटो म्हणाला.

"म्हणून मघाशी मी ते पुन्हा वर फिरवले. लायलसाहेब, तुम्ही मार्चनंतर इथं आला नाहीत. मार्चमध्ये या गाडीत इंजिनच नव्हतं. मग हे स्क्रू एकदा खाली होते, हे तुम्हाला कुठून कळलं?"

लायल लालबुंद झाला. "मी काही विकायला नेलेलं नाही," तो म्हणाला. "फार तर काय होईल? यांना नवा नंबर मिळेल. ती बॉडी नवीच आहे. कुणाचं काय बिघडतं?"

"तुकडा कुठं आहे?"

तीनला बारा मिनिटं उरली होती.

डेल स्टुलावरून उठला.

"लायल, मी सतरा महिने तुरुंगात होतो. चोरीच्या गाड्यांपायी. कापलेला नंबर आणि माझं नाव एकाच कागदावर आलं, की पुढं कुणी काही विचारत नाही."

शेनचं तोंड उघडंच राहिलं. मेहुणा असून त्याला पत्ता नव्हता. लायल डेलकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरून तिथं राख आली.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

तो आपल्या गाडीशी गेला. डिकीतून फलालीनच्या कापडात गुंडाळलेला तुकडा घेऊन आला. गंजू नये म्हणून त्याला तेल लावलेलं होतं, आणि दोऱ्यानं तारखेची चिठ्ठी बांधलेली होती.

सार्जंट होल्ट तीनला एक मिनिट कमी असताना पोचला. भोक पाहून त्याचा हात आधी कमरेशी गेला, मग वहीकडे. वांडानं तुकडा भोकात बसवला. एकूण एक छिद्र छिद्रावर. टाके इतके जपून सोडवले होते, की केसभर फट राहिली नाही. होल्टनं विजेरी लावून नंबर कागदाशी ताडून पाहिला. दोनदा.

"याच गाडीचा आहे," तो म्हणाला. "काढला कुणी?"

वांडानं तोंड उघडलं. डेलनं तिच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवली. कुणाचंही नाव पोलिसाच्या वहीत घालायचं त्याच्या जिवावर आलं होतं. होल्टची नजर मात्र त्याच्यावरच खिळली होती.

"मिस्टर हॉस्किन्स, मी तुम्हाला विचारतोय."

"मी काढला," लायल म्हणाला. त्यानं खिशातून ड्रिलची सुई काढून टपावर ठेवली. "सकाळी, हे घरी नसताना. यांचा काही संबंध नाही. लिहून देतो."

होल्टनं त्याला पोलिसांच्या गाडीत बसायला सांगितलं. लायल गेला. मागच्या सीटवर बसताना त्यानं पँटची इस्त्री सावरली.

मग होल्टनं परवानगीचा कागद बॉनेटवर पसरला आणि पेन पुढे केलं. पोलिसानं पुढे केलेल्या पेनाकडे डेल बघतच राहिला. शेवटी त्यानं ते डाव्या हातात धरलं.

"सही कुठं?"

"हे बघा. मालक लिहिलंय तिथं."