पाच बोटांचं धूड

नारळी पुनवेला वेसाव्याच्या कोळ्यांनी वाजतगाजत दर्याला नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला नेमक्या त्याच जागी ते धूड येऊन पडलं. डोकं नाही, डोळे नाहीत, अंगभर पांढरे ओले केस. आणि वाळूत पसरलेला, माणसासारखा पाच बोटांचा हात. वास तर असा, की सुकी मासळी कोळून प्यालेल्या कोळिणींनीही नाकाला पदर लावला.

म्हाताऱ्या सरूबाईने लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला. "दर्यानं नारळ परत केला. एक पन होडी जावाची नाय."

झालं! पावसाळाभर बांधून ठेवलेल्या होड्या तशाच राहिल्या. होडीचा मालक लहू नाखवा दारात गुडघ्यांत मान घालून बसला. लेकीला ते बघवेना. निशा पार्ल्याच्या कॉलेजात समुद्री जीवांचा अभ्यास करत होती. ते शिक्षण आज नाही तर कधी कामाला यायचं? ती कोयता घेऊन निघाली.

"हात नको लावू त्याला..." कुणीतरी कुजबुजलं.

भरदुपार होती, पण धुडाजवळ एकही कावळा फिरकत नव्हता. तरी निशाने ते केस मुठीत धरून ओढले. केस कसले, कुजलेल्या चरबीचे धागे! मग ती हातावरचं मांस सोलत वर गेली. मनगट, कोपर, आणि पंख्यासारखं रुंद खांद्याचं हाड. तिला असं हसू फुटलं, की लोक आणखी मागे सरकले.

"अरे, देवमासा आहे हा! याच्या पोहायच्या पंखात बोटांची हाडं असतात, मांस गळलं की हात दिसतो. नारळ परत नाय केला कुणी. देव आलाय आपल्या दारी!"

"खरं सांगतंस गो?" सरूबाईने विचारलं.

"आईशपथ!"

सरूबाईने स्वतः त्या बोटांना हळदकुंकू वाहिलं. गुलाल उधळला, बेंजो वाजला, बायकांनी निशाला उचलून नाचवलं. दिवेलागणीला होड्या सुटल्या, सगळ्यांच्या पुढे लहूची. निशाला इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

नाच रंगात असताना लहूचा फोन आला.

"जाळं फाटेल एवढी मासळी, पोरी!"

"मग फिर ना माघारी, बाबा."

"इंजिन कवाच बंद केलंय. तरी होडी चाललीय... आत, खोल दर्यात."

"वाऱ्याने असेल."

"वारा नाय. जाळं ओढतंय."

"बाबा, जाळं काप. आत्ताच्या आत्ता काप..."

पलीकडे लहू हसला. इतका निर्धास्त तो कधीच हसला नव्हता.

"घाबरतंस काय गो? तूच सांगितलंस ना... देव आलाय म्हणून."