रेकॉर्ड उलटायला माणूस लागतो

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल खिशात टाका. भूत पाहिलं म्हणणाऱ्या दहातले नऊ जण थापा मारतात, हे तुम्हाला मीच सांगत आलोय. पण आजची गोष्ट आमच्या वाइंडिंगवाल्याची आहे. जळालेल्या पंख्यांना, मोटरींना नवी तार भरून देतो तो. दिवसभर खडखडाटात बसणारा, महाअरसिक माणूस. थाप मारायलाही डोकं लागतं, आणि तो त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून मी ऐकून घेतलं.

मागच्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. संध्याकाळी त्याला वहिनीचा फोन आला. ती हॉस्पिटलात नर्स. बाळंतपणानंतरची पहिलीच रात्रपाळी, आणि बाळाला सांभाळणारी तिची आई तापाने आडवी झालेली. "भावजी, आजची रात्र याल का?" नाही कसं म्हणणार? त्याचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, उन्हाळ्यात बसल्या जागी गेला होता. पोर त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मली. लेकीचं तोंडही त्याला दिसलं नाही. त्याच्या मागे राहिलेलं एवढंच काय ते, आणि आज ते धाकट्याच्या भरवशावर.

"आत्ताच पावडर लावून झोपवलीय," वहिनी चपला चढवत म्हणाली. "दुधाची बाटली तयार आहे. रेकॉर्ड लावून ठेवलीय, पहिली बाजू. संपली की सुई आपोआप उचलली जाते, पण उलटायला माणूस लागतो. तेवढी उलटा. फार वेळ शांतता झाली की ती उठते."

"त्याच त्या रेकॉर्ड?" धाकट्याने कपाळाला हात लावला.

"पोटात असल्यापासून ऐकतेय ती. दुसरं काही चालत नाही बाईसाहेबांना."

थोरल्याचं ते वेड होतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्ड, इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर वाजवलेल्या. गाणं नाही, ठेका नाही, नुसते लांबच लांब सूर. रोज संध्याकाळी एक लावायचा आणि बायकोच्या पोटावर हात ठेवून बसायचा. उजवा हात, अंगठीचं बोट नसलेला. ते कारखान्यातल्या प्रेस मशीनने मुळापासून नेलं होतं. धाकट्याला म्हणायचा, "बैस रे, एक बाजू ऐक, मग बोल." धाकटा म्हणायचा, "आमच्याकडे पंख्याचं बेअरिंग याहून बरं गातं," आणि उठायचा. दोघं हसायचे. ती एक बाजू ऐकायची मात्र राहूनच गेली.

ती त्या रात्री ऐकली. वहिनी गेल्यावर त्याने आतून कडी लावली, थोरल्याच्या खुर्चीत बसला. बाळ आतल्या खोलीत, दार अर्धवट उघडं. रेकॉर्डच्या कव्हरवर नुसता करडा समुद्र, ना माणूस ना होडी. एक सूर आला आणि राहिला. त्याच्याखाली दुसरा कधी आला, कळलंच नाही. आधी त्याला शेजारचा फ्रिज चालू आहे असंच वाटलं. मग बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की आपण दुकान विसरलोय, गिऱ्हाइकं विसरलोय. दादा हेच ऐक म्हणत होता तर.

आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा दिवा तसाच होता. रेकॉर्ड वाजत होती. बरं झालं, फार वेळ नाही झोपलो, असं म्हणत त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

तो उठून जवळ गेला. फिरणाऱ्या रेकॉर्डवरचा आकडा नीट वाचला. दोन. दुसरी बाजू.

त्याने तर रेकॉर्डला हातही लावला नव्हता.

दाराची कडी लागलेली. खिडक्या बंद. वहिनी आली असती तर तिला कडी कोण काढून देणार...

बाळ. तो आत धावला. बाळ पाळण्यात जागं होतं. रडत नव्हतं. पाळण्याच्या पलीकडे बघत होतं, वर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. तिथे कोणी नव्हतं.

बाहेर सूर विरत गेला. सुई उचलल्याचा खट आवाज झाला.

शांतता.

आता उलटायला हवी होती. तो पाळण्यापाशीच उभा राहिला. घाबरला तो, स्वतःच सांगतो. मनात एकच आलं, न्यायला तर आला नाही ना? त्याने पोरीला उचलून छातीशी धरलं.

"दादा..."

तो अर्धवट उघड्या दाराकडे वळला.

"दादा, हिला नको नेऊस. मी बघेन हिच्याकडे. मोठी करेन. पण नको नेऊस..."

बाहेर खुर्ची करकरली. मग... काहीच नाही. एक रेकॉर्ड उलटायला लागतो, तेवढाच वेळ.

पहिला सूर आला. पहिल्या बाजूचा.

पोरीने डोळे मिटले. तो भिंतीला टेकून बसला, तिला घट्ट धरून, उजाडेपर्यंत. ती बाजू संपली ती पुन्हा कोणी उलटली नाही. पोरही उठली नाही.

सकाळी बेल वाजली. बाळाला कडेवर घेऊनच त्याने दार उघडलं. "छळलं का हो फार?" म्हणत वहिनीने रेकॉर्ड उचलली, आणि तशीच उभी राहिली.

रेकॉर्डच्या मधल्या काळ्या कागदावर पांढरे ठसे होते, बोटांच्या टोकांचे. पावडरचे. वास बाळाचा.

वहिनीने धाकट्याचे हात पाहिले. दहाच्या दहा बोटं. मग पुन्हा ठसे पाहिले, आणि मटकन खुर्चीत बसली.

"म्हणजे... हात लावला हिला ह्यांनी," ती म्हणाली.

ते ठसे तिने पुसले नाहीत. मी पाहिलीय ती रेकॉर्ड. दोन ठसे, मग बोटभर कोरी जागा, मग करंगळी.