जयमालाबाईंच्या भिंतीपलीकडचा ट्रान्सफॉर्मर

कडी लावून घ्या आणि जवळ सरका. ही आमच्या वामनची गोष्ट. तुर्भ्यात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, साताऱ्याकडचा वायरमन. थापा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता, डोकं मात्र चटकन तापायचं.

पंचाण्णव साल. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेदहाला वामन सायकल मारत नेरूळला निघाला, तो एका सहीसाठी. तिथल्या एका सोसायटीत तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मरची खोली होती आणि तिच्या भिंतीला लागून जयमालाबाईंचा फ्लॅट. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. तीन महिने त्यांची एकच तक्रार, आवाजानं झोप लागत नाही. वामन सात वेळा जाऊन आला होता. बोल्ट आवळून झाले, खाली रबर घालून झालं, आवाज काही हटेना. शेवटी कॉन्ट्रॅक्टर नंदकिशोरनं बजावलं, "आवाज थांबला असं बाईंकडून लिहून आण. नायतर उद्यापासून येऊ नको." घरी बायकोला सातवा महिना. वामन नुसता वैतागला होता. लोखंडच ओरडतंय, त्याला हा काय करणार?

बाईंनी दार उघडताच तो सुरू झाला. "आवो बाई, किती येळा सांगू? आत पत्र्यांची चळत हाय. करंट गेला की तिचं चुंबक हुतंय. सेकंदाला शंभर येळा पत्रा जरासा ताणतो न् आकसतो, डोळ्याला दिसायचं न्हाई इतका. त्याचीच ही घूं."

"ते कळलं हो मला, मिस्त्री," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण पत्रा मध्येच दम घ्यायला थांबतो का? हा थांबतो."

वामनची सटकलीच. आज बाईंना खोटं पाडायचंच, म्हणून त्यानं अख्ख्या बिल्डिंगची लाइट घालवली. दोन्ही बाजूंचे स्विच पाडले, अर्थिंग लावलं. गॅलऱ्यांतून शिव्या आल्या, त्या कानाआड केल्या. बॅटरी घेऊन एकटाच खोलीत शिरला आणि सवयीप्रमाणे लाकडी दांडकं काढलं. एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाकीला, दुसरं कानाला. आतलं ऐकायची आमच्या धंद्यातली ही जुनी रीत, डॉक्टर नळी लावतो तशी.

काही नाही.

वामन गालात हसला. बाईंना हाक मारणार, एवढ्यात...

घूं...

बारीक. खोलवरून.

मग थांबलं. वामननं मनात मोजलं. एक. दोन. तीन. पुन्हा घूं... आणि मध्ये, आत ओढलेला दम.

लाइन मेलेली होती, पोरांनो. त्यानं स्वतःच्या हातानं पाडलेली.

वामननं आपला श्वास रोखला.

तिकडचाही थांबला...

किती वेळ, ते त्याला सांगता येत नसे.

त्यानं अर्थिंग काढलं, लाइट चालू केली आणि बाईंच्या दारात गेला. बाई पेन घेऊनच उभ्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालेलं. "द्या तो कागद, करते सही. माझी झोप तर गेलीच, तुमची नोकरी तरी राहू दे."

वामनला स्वतःचीच लाज वाटली. सात वेळा येऊन त्यानं या बाईला वेड्यात काढलं होतं. त्यानं पेन घेतलं, कागदावर लिहिलं, 'आवाज आहे. मी ऐकला.' खाली आपली सही केली. नोकरी गेली ती तिथंच.

कुलूप घालायला तो परत खोलीशी आला. टाकी मागच्या भिंतीला इतकी लागून की मधल्या फटीत हातसुद्धा जायचा नाही. त्यानं सहज तिथं बॅटरी मारली. टाकीच्या पाठीवर तेलात भिजलेल्या धुळीचा जाड थर होता.

त्या थरात, त्यानं दांडकं टेकवलं होतं बरोबर त्याच्या पलीकडच्या अंगाला, एका कानाचा ठसा होता. ताजा.