उपग्रहाने पाहिलेली काकडी

“ताई, ते बघ! पाण्यात झेंडे रोवतायत!” सुवर्णाचा धाकटा भाऊ चंदर ओरडला.

खरंच! गोदावरीच्या पात्रात, गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसं लाल झेंडे ठोकत होती. पलीकडच्या काठाला पूरभिंत बांधणार होते, तिची ही आखणी. पण काठ तर कितीतरी मागे होता!

सुवर्णाने फुलांची पाटी खाली ठेवली. भिंत अशी पात्रात आली, तर पुराचं पाणी वळणार कुठं? इकडेच! त्यांच्या झेंडूच्या मळ्याचा एक कोपरा यंदाच नदीनं गिळला होता. आता सगळा मळाच जाणार!

“पलीकडे जाऊन आखणीच्या साहेबांना विचारू या,” निकिता म्हणाली.

निकिता ही सुवर्णाची सातपूरची आतेबहीण. दिवाळीच्या सुट्टीत आल्यापासून घरात एकच गजर, ‘निकिताला कॉम्प्युटर येतो!’ आबा तर आपल्या ताटातली करंजी तिलाच द्यायचे. ते पाहून सुवर्णाच्या पोटात रोज दुखायचं.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर रंगीत नकाशा पसरला. “उपग्रहाच्या फोटोवरून काढलाय, बाळांनो! हे हिरवं म्हणजे शेत. आत्ता त्यात पुराचं पाणी साचलंय, ओसरेल. उपग्रह चुकतो होय?”

“छे! मुळीच नाही,” निकिता ऐटीत म्हणाली.

झालं! हिला खोटं पाडायचंच! सुवर्णा नकाशावर इतकी वाकली, की तिची वेणी त्यावर लोळली. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक गोल भोक होतं...

“अय्या! ही तर लंकाबाईची काकडी!”

“काय?”

“उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं, की ती वाळूत काकडी लावते. मधला काळा खडक तेवढा सोडते. हा बघा खडक! हे शेत नाही साहेब, नदी आहे!”

“मी साक्षीदार!” चंदर पुढे सरसावला. “मी त्या काकड्या चोरून खाल्ल्यात!”

साहेब खदखदून हसले. “काकडीसाठी काम थांबवू? उद्या मशीन येतंय. पळा!”

सुवर्णाचा चेहरा पडला. आता एकच उपाय होता, आणि तोच तिच्या जिवावर आला होता. पण मळा...

“निकिता,” ती पुटपुटली, “तुझ्या कॉम्प्युटरवर पावसाळ्यातला फोटो मिळेल?”

“मिळेल की! चल!”

झेंडूच्या क्रेटांवर बसून तिघं टेंपोनं सातपूरला पोचली. सायबर कॅफेत निकिता भराभर जुने फोटो उघडू लागली. पावसाळ्यात नुसते ढगच ढग!

“दिवाळीचा बघ, आभाळ मोकळं असतं,” सुवर्णा म्हणाली.

आणि सापडला! गेल्या दिवाळीचा फोटो. काठोकाठ पाणी, मधे ठिपक्याएवढा काळा खडक! निकिताने त्यावर झेंड्यांची रेघ ओढली. भिंत थेट नदीत!

सकाळी साहेबांनी आपला नकाशा आणि मुलांनी आणलेली फोटोची प्रिंट शेजारी शेजारी ठेवली. मग नकाशाच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. फोटो मे महिन्यातला होता! त्यांनी मशीन थांबवलं आणि झेंडे उपटून खऱ्या काठावर लावायला सांगितलं.

“पोरींनो, माझे डोळे उघडलेत!” ते म्हणाले.

“लय भारी काम केलंत! मळा वाचवला माझा!” घरी आबांनी ताटातली करंजी उचलली आणि सवयीनं निकितापुढे धरली. सुवर्णाने मान फिरवली.

“मला नको, तिला द्या!” निकिता फणकारली. “आल्यापासून ऐकतेय, सुवर्णाला नदी कळते, सुवर्णा पोहते! जळून जळून माझ्या पोटात दुखायला लागलंय!”

सुवर्णा बघतच राहिली. “तुझ्यापण?”

दोघी खो खो हसत सुटल्या. हसू आवरून आबांकडे वळल्या, तर करंजी चंदरच्या गालात होती!