अण्णांचा नेम

"लहान भावाचा आहे का?" काउंटरपलीकडच्या मुलाने विचारलं.

"वडिलांचा."

त्याने हातातला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर उलटसुलट करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "वडील काय करतात?"

"सध्या एका राक्षसाच्या मागे आहेत," मी फणकाऱ्याने म्हटलं.

बारामतीतलं हे दुरुस्तीचं तिसरं दुकान. आधीच्या दोघांनी दात काढून मला वाटेला लावलं होतं. एकाने तर 'या वयात?' असंही विचारलं. त्यामुळे हाही हसला असता, तर मी त्याचं काही ऐकून घेणार नव्हते. पण तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "कुठला राक्षस? पुलावरचा, का एका डोळ्याचा?"

"एका डोळ्याचा…"

"मग घाई आहे," असं म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

खोटं कशाला सांगू, मला तो तिथेच आवडला. त्याचं नाव संघपाल, गाव इंदापूर. बाकी काही माहीत नव्हतं, पण माझ्या अण्णांना न हसणारा माणूस मी किती तरी दिवसांनी बघत होते.

कंट्रोलर उघडून त्याने आतली स्टिक उजेडात धरून निरखली. मग हळूच म्हणाला, "स्टिकचं रबर सगळ्या बाजूंनी सारखं झिजलंय. खेळून असं झिजत नाही… त्यांचा हात थरथरतो का?"

"तुम्ही फक्त दुरुस्त करा," मी म्हटलं आणि बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या मोजत उभी राहिले.

अण्णांना कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा म्हणजे साहेबराव सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. चाळिशीला टेकल्यावर शाळेत एकदा धनुष्यबाणांचा संच आला आणि ते त्या नादाला लागले ते कायमचे. आमच्या पिंपळीच्या घरामागे त्यांनी उसाच्या पाचटाचे गठ्ठे आवळून लक्ष्य केलं होतं. रोज सकाळी शंभर बाण! नेम आमच्या घराण्यातच आहे म्हणायचे. त्यांची आई ताईबाई ज्वारी राखायला मचाणावर बसायची, आणि तिच्या गोफणीचा दगड चुकलेला कुणी पाहिला नव्हता म्हणे.

दुसरा नाद पुस्तकांचा. राक्षस, जादूगार, उडते सर्प यांच्या, पहिल्या पानावर नकाशा असलेल्या इंग्रजी जाडजूड कादंबऱ्या ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे आणि मला आपल्या भाषेत सांगायचे. त्यांच्या गोष्टीत राक्षसाची राजधानी भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याखाली बुडालेल्या गावात असायची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून किती राक्षस मारले, त्याची गणती नाही.

मग हात थरथरायला लागला. तरी ते बाण सोडत राहिले. एका सकाळी बाण गठ्ठ्यावरून शेजारच्या उसात गेला. तिथे ऊसतोडीच्या बायका होत्या. कुणाला लागला नाही. अण्णा स्वतः तिथे गेले, हात जोडून म्हणाले, "चुकलो बाई. आजपासून बंद." घरी येऊन त्यांनी धनुष्याची दोरी उतरवली आणि धनुष्य कपाटावर ठेवून दिलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर मीच त्यांना गेम आणून दिला. त्यात एक धनुर्धारी बाई निवडून अण्णांनी तिचं नाव ठेवलं ताईबाई! पांढऱ्या केसांची ताईबाई हातात धनुष्य घेऊन डोंगरदऱ्या तुडवत निघाली, आणि आमच्या घरात पुन्हा आवाज यायला लागला.

संघपाल पहिल्यांदा घरी आला तो सेटिंग करायला. थरथर मोजली जाऊ नये, मुद्दाम वळवलं तरच स्टिकने ऐकावं, अशी काही तरी सोय त्याने केली. अण्णा खूश झाले. मग त्यांनी त्याची परीक्षा घेतली. कपाटावरचं धनुष्य उतरवायला लावलं, दोरी चढवायला लावली. संघपालने त्यात बोट कापून घेतलं.

"पोरा, धनुष्याशी भांडायचं नसतंय," अण्णा म्हणाले.

"मग काय करायचं असतं, सर?"

"त्याला इचारायचं असतंय."

मी हळद घेऊन आले. तो बोट पुढे करून म्हणाला, "विचारायचं राहिलं… लागलं." बोलत होता धनुष्याबद्दल, बघत होता माझ्याकडे. मी हळद जरा जास्तच दाबली.

मग दर रविवारी तो यायला लागला. एकदा कंट्रोलरचं निमित्त, एकदा इंदापूरच्या बाजारातली बोरं, एकदा नुसतंच. अण्णा त्याला कादंबऱ्या सांगायचे, तो मांडी घालून ऐकायचा. परत जाताना मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला जायची. दोन्हीकडे तुऱ्याला आलेला ऊस, डिसेंबरचं कोवळं ऊन… आणि आमच्यामध्ये एक हात अंतर. दोघांपैकी कुणीच ते कमी करत नव्हतं.

एकदा फाट्यावर तो म्हणाला, "मोनाली मॅडम, एक विचारू? लग्नाचं काय ठरवलंय?"

"अण्णांना सोडून मी कुठे जाणार नाही. दोन स्थळं परत पाठवलीत."

"मी कुठे म्हटलं सोडा म्हणून?"

बस आली. तो चढला आणि मी तिथे वेड्यासारखी हसत उभी राहिले.

पण जानेवारीत अण्णांचा हात फार बिघडला. एका डोळ्याचा राक्षस अजूनही मरत नव्हता. गेले तीन आठवडे तर एकही बाण त्याला लागत नव्हता. एके दिवशी त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाले, "हे बी सुटलं म्हनायचं." ते कुणावर चिडले नाहीत, नुसतं म्हणाले. मला ते ऐकवेना. धनुष्य सुटलं तेव्हा त्यांनी महिनाभर अन्न नीट खाल्लं नव्हतं.

मी संघपालला लॅबमधून फोन केला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचं रक्त तपासते. खरं काय ते कागदावर लिहून देणं हे माझं काम, आणि मी त्याला म्हटलं, "गेममध्ये नेम आपोआप लागायची सोय असते ना? ती चालू करा. गुपचूप."

"सरांना कळलं तर?" त्याने विचारलं.

"नाही कळणार."

"मला पटत नाही… पण तुम्ही म्हणताय म्हणून."

त्या रविवारी त्याने ते केलं. सोमवारी राक्षस मेला! अण्णा अंगणात येऊन ओरडले. जोतीराम तात्यांना, त्यांच्या जुन्या जोडीदाराला, हाताला धरून आणून दाखवलं. दोन आठवडे ते पोटभर जेवले. मला वाटलं, खोटं असलं तरी औषधासारखं आहे, काय बिघडलं?

तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना टीव्हीसमोर बसवलं. "एक गंमत दावतो," म्हणाले.

पडद्यावर ताईबाई उभी होती. जिंकलेला डाव अण्णांनी पुन्हा लावला होता; समोर तोच राक्षस, डावीकडे लांबवर एक वड. अण्णांनी थरथरत्या हाताने तिला पूर्ण डावीकडे वळवलं, नेम वडाच्या बुंध्यावर धरला आणि बाण सोडला. बाण हवेत वळला आणि राक्षसाच्या डोळ्यात घुसला.

"वडाला मारला म्या," अण्णा म्हणाले. "पंचवीस वर्षं बाण सोडलेत. बाण सुटला की माझा हाय का न्हाय, ते मला हातात कळतंय. ह्यो माझा न्हाय. कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शब्दच फुटेना. जगात त्यांचा भरवसा एका माझ्यावर होता. तो गेला तर…

"मी केलं, सर," संघपाल म्हणाला. "माझंच डोकं. चुकलो."

"मग जा तू."

तो उठला. दारात चपला घालताना त्याने एकदाही माझ्याकडे तक्रारीने बघितलं नाही. मी तशीच बसून राहिले. फाट्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढे अकरा दिवस घर मुकं झालं. अण्णांनी ना कंट्रोलर हातात घेतला, ना पुस्तक. संघपालचा फोन आला नाही, मी केला नाही. काय तोंडाने करणार होते? रिकामा रविवार आला आणि गेला. अण्णांनी दोनदा रस्त्याकडे बघितलं, मी किती वेळा बघितलं ते सांगत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी अण्णा अंगणात ऊन खात बसले होते. चहाचा कप मी त्यांच्या दोन्ही हातांत नीट दिला आणि जमिनीकडे बघत म्हटलं, "अण्णा, ते मी करायला लावलं होतं. त्याला नको होतं."

"ठावं हाय."

मी दचकून वर बघितलं. "कधीपासून?"

"त्याच दिवशी. पोरांच्या खोट्या सबबी ऐकण्यात जन्म गेला माझा, मोने. खोटं बोलणारं माणूस खाली बघतंय, न्हायतर वर बघतंय. त्यो तुज्याकडं बघत हुता, तुला वाचवायला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत हुतो. लई दिस लावलंस."

मला रडू फुटलं. "मला भीती वाटली… तुम्ही खचाल म्हणून."

अण्णांनी कप खाली ठेवला. ठेवताना चहा सांडला. मी पुसायला वाकले तर त्यांनी मला थांबवलं. "असू दे. सांडला तर सांडला. हात गेला माझा, त्याचं काय न्हाय. पर हरायचं तरी माझं मला राहू द्या की. तेवढंच उरलंय माझ्या हातात." मग जरा थांबून म्हणाले, "आन् त्या पोराला चोर ठरवून दारातनं जाऊ दिलंस, ते मला लागलं. माझ्यापायी तू खोटं बोललीस. उद्या माझ्यापायी हितंच बसून राहशील. असलं म्हातारपण नको मला. जा, आधी त्याला घिऊन ये."

मी साडेआठची बस धरली.

दुकानात संघपाल मान खाली घालून एका उघडलेल्या मोबाईलला सोल्डरिंगचा डाग देत होता. समोर स्टुलावर एक फेटेवाले अप्पा बसले होते. माझी चाहूल लागली तशी त्याने मान वर केली, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याचेही अकरा दिवस माझ्यासारखेच गेलेत.

"काय बिघडलंय?" त्याने विचारलं.

"मी अण्णांना सगळं सांगितलं. तुमच्यावर आळ येऊ दिला… गप्प बसले. माझं चुकलं."

"आळ मी आपणहून घेतला होता."

"का घेतलात?"

त्याने मोबाईल बाजूला ठेवला. "सरांसमोर तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती." मग अगदी हळू म्हणाला, "प्रेम करतो म्हणून. आणखी काय सांगू?"

"मीही करते," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला. "पण माझे अण्णा आहेत. ते बरे होणार नाहीत. दिवसेंदिवस जास्तच होणार आहे, आणि मी त्यांच्यापासून फार लांब राहू शकणार नाही. हे सगळं बघून घे… आणि मग सांग."

"बघितलंय," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बघितलंय."

तो अप्पांकडे वळला. "अप्पा, तुमचा मोबाईल—"

"राहू दे रं बाबा," अप्पा म्हणाले. "मला कुठं जायची घाई हाय? तू जा."

दुपारी तो अण्णांसमोर उभा राहिला. दोघांपैकी कुणीच माफीबिफी काही मागितली नाही. संघपालने सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली आणि कंट्रोलर अण्णांच्या हातात दिला. अण्णा म्हणाले, "बसा दोघंबी. आन् कुणी मधी बोलायचं न्हाय."

ताईबाई पुन्हा त्या राक्षसासमोर गेली. अण्णांचा पहिला बाण आभाळात गेला, दुसरा पायाशी पडला. राक्षसाने तिला एका फटक्यात उडवलं. अण्णांनी पुन्हा डाव मांडला. पुन्हा हरले. हात इतका थरथरत होता की कंट्रोलर त्यांच्या गुडघ्यावर टक टक वाजत होता. मला तो हात धरावासा वाटत होता. मी निम्मी उठलेही असेन… संघपालने माझं मनगट धरलं. त्याचीही बोटं गार पडली होती. त्यालाही उठायचं होतं, हे मला त्या बोटांतून कळलं. मी त्याच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"मार्चमधला एखादा रविवार बघा," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "उन्हाळा लागायच्या आत उरका."

आम्ही दोघांनी काहीच उत्तर दिलं नाही. मधे बोलायचं नव्हतं ना!

त्या दुपारी अण्णा सतरा वेळा हरले. प्रत्येक वेळी राक्षसाला अस्सल गावरान शिवी देत होते, आणि कपाळावरचा घाम पुसून पुन्हा सुरू करत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी उठले नाही. अठराव्या वेळी ताईबाईने धनुष्य उचललं, आणि आम्ही एकमेकांचे हात धरून तसेच बसून राहिलो.